रोजच्या वापरातले यंत्र: लिनक्स कर्नलची परीक्षा आणि पुनावळ्यातील एक घर

१/२४
३ मार्च २०२१ रोजी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या परीक्षकांना एक असाधारण पत्र लिहिले. तीनच दिवसांपूर्वी त्यांनी ५.१२ या कर्नलची पहिली चाचणी-आवृत्ती प्रसिद्ध केली होती. आता ते सांगत होते की ती कुणीही वापरू नये. काही संगणकांवर ती डिस्कवरील सारी मांडणी उद्ध्वस्त करू शकते. आवृत्तीचे नावच बदलून त्याला 'डोन्टयूज', म्हणजे 'वापरू नका', अशी शेपटी जोडण्यात आली. ही आवृत्ती अनेक यंत्रांवर बिनतक्रार चालली होती. मग दोष दिसला का नाही? या प्रश्नाचा माग काढणारा हा धागा हेलसिंकीहून निघून पिंपरी-चिंचवडच्या पश्चिम कडेला, पुनावळ्याला येतो.

२/२४
'कर्नल' म्हटले की मराठी कानाला प्रथम सैन्यातला हुद्दा आठवतो. येथे अर्थ आहे टरफलाआतला गर, गाभा. संगणकाच्या प्रणालीचा हा गाभा पडद्यावर कधीच दिसत नाही. कोणत्या प्रोग्रामला प्रोसेसरचा किती वेळ द्यायचा, स्मृतीची वाटणी कशी करायची, डिस्कवर कुठे काय लिहायचे, हे सारे तो ठरवतो. ब्राउझर कोसळला तर एक खिडकी मिटते. कर्नल कोसळला तर सारे घर अंधारात जाते. आणि तो न कोसळता चुकीच्या जागी लिहू लागला, तर घरात दिवे चालू असतात, पण कपाटातले दप्तर आतून कुरतडले जात असते. ही दुसरी आपत्ती अधिक भयंकर, कारण ती कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

३/२४
१९९१ या एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या. त्यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारल्यानंतर १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' उभा केला. त्याच वर्षी २५ ऑगस्टला हेलसिंकीतील एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केले की, आपण ३८६ जातीच्या संगणकासाठी एक छोटी प्रणाली छंद म्हणून लिहीत आहोत. पुण्यातील यंत्रामागे शासनाचे बळ आणि एक संपूर्ण संस्था होती. हेलसिंकीच्या विद्यार्थ्यापाशी स्वतःच्या घरचा संगणक होता. त्याची प्रणाली चालत होती हे खरे, पण ती चालत होती ती त्याच्या टेबलावर.

४/२४
दुसऱ्यांच्या टेबलांची उणीव अनोळखी लोकांनी भरून काढली. कुणाकडे निराळी डिस्क होती, कुणाकडे निराळे ग्राफिक्स कार्ड. त्यांनी प्रणाली चालवून पाहिली, बिघाड कळवले, काहींनी दुरुस्त्याही पाठवल्या. मार्च १९९४ मध्ये १.० ही आवृत्ती आली तेव्हा कर्नल सुमारे पावणेदोन लाख ओळींचा होता. आज तो चार कोटी ओळींच्या घरात आहे. त्यातला मोठा वाटा ड्रायव्हरांचा, म्हणजे नाना तऱ्हेच्या सुट्या भागांशी बोलणाऱ्या कोडचा. परिणामी कोणत्याही एका संगणकावर या अफाट ग्रंथाची मोजकीच पाने वाचली जातात. उरलेली पाने त्या यंत्रापुरती कोरीच राहतात.

५/२४
महाराष्ट्रातील अनेक तरुणांच्या हाती लिनक्स पडला तो १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, 'पीसी क्वेस्ट' मासिकासोबत मिळणाऱ्या सीडींमधून. इंटरनेट मंद आणि महाग होते, तेव्हा अशी सीडी हातोहात फिरत असे. पुढे नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातील 'कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज' या टाटा समूहातील कंपनीचा 'एका' हा महासंगणक जगातील पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत चौथा आला. तो लिनक्सवर चालत होता. नोव्हेंबर २०१७ पासून तर त्या यादीतील पाचशेच्या पाचशे संगणक लिनक्सवरच चालतात. अँड्रॉइड फोनच्या तळाशीही हाच गाभा आहे. म्हणजे या कर्नलमध्ये शिरलेला दोष महासंगणकापासून खिशातल्या फोनपर्यंत कुठेही उतरू शकतो.

६/२४
आता पुनावळे. १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत जी गावे सामील झाली त्यांतले हे एक. एकीकडे रावेत आणि पवना, मधून मुंबई-बंगळूर महामार्ग, आणि काही किलोमीटरवर हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान. शेतशिवाराच्या जागी उंच इमारती आल्या आणि त्यांत संगणकावर पोट असणारी हजारो माणसे राहावयास आली. येथील सकाळ महामार्गाखालच्या भुयारी मार्गातील कोंडीने सुरू होते; उन्हाळा टँकरच्या फेऱ्यांनी मोजला जातो. अशा वस्तीत जुन्या-नव्या लॅपटॉपांची वाण नसते. नोकरी बदलते, यंत्र बदलते, जुने यंत्र माळ्यावर जाते.

७/२४
या औद्योगिक पट्ट्याला चाचणी ही गोष्ट परकी नाही. वाहनांची परीक्षा घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यात १९६६ पासून आहे. पिंपरी, आकुर्डी, चाकण येथे तयार होणारे वाहन विक्रीला जाण्यापूर्वी घाटात, खड्ड्यांत, पावसात आणि भर उन्हात फिरवले जाते. केवळ गुळगुळीत रस्त्यावर चालवून गाडीला पास करणारा चाचणी अभियंता येथे कुणी मानणार नाही. परंतु मोटारीची परीक्षा कंपनी स्वतःच्या खर्चाने घेते. लिनक्स कर्नलच्या बाबतीत रस्ते जगभर विखुरलेले आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळ रस्ते कुणाच्या तरी घरातून जातात.

८/२४
नव्या कर्नलचे वेळापत्रक पंचांगासारखे ठरलेले असते. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. पहिल्या दोन आठवड्यांत नवे बदल स्वीकारले जातात. एका आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असणे ही नित्याची बाब आहे. त्यानंतर दर रविवारी एक चाचणी-आवृत्ती निघते, बहुधा सातव्या वा आठव्या आवृत्तीपर्यंत. मग अंतिम आवृत्ती. तिच्यातील दोष दुरुस्त करणाऱ्या 'स्थिर' आवृत्त्यांची परंपरा २००५ मध्ये सुरू झाली; तिची धुरा दीर्घकाळ ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्याकडे आहे. अशी प्रत्येक आवृत्ती प्रसिद्ध होण्याआधी परीक्षकांना साधारण दोन दिवसांचा अवधी मिळतो. तेवढ्यात चालवा, पाहा आणि कळवा.

९/२४
पुनावळ्यातील एका सदनिकेची कल्पना करावी. तेथे राहणारी संगणक अभियंता दिवसा हिंजवडीत नोकरी करते आणि शनिवार-रविवारी नव्या कर्नलची परीक्षा घेते. या कामाचे तिला वेतन नाही. तिच्यापाशी चार संगणक आहेत. एक नवा लॅपटॉप. एक सुटे भाग आणून जोडलेला डेस्कटॉप, ज्यात ग्राफिक्स कार्ड आणि त्याचा कंपनीने दिलेला बंदिस्त ड्रायव्हर आहे. एक तळहाताएवढा रास्पबेरी पाय, जो मेमरी कार्डावर चालतो आणि ज्याचा प्रोसेसर फोनच्या जातीचा आहे. चौथा लॅपटॉप दहा वर्षांहून जुना. फिरत्या तबकडीची डिस्क, थोडी स्मृती, थकलेली बॅटरी. या चौघांत काहीही सारखे नाही, आणि तिच्या दृष्टीने तीच त्यांची किंमत आहे.

१०/२४
पहिले काम बॅकअप. आईने फोनमधून उतरवून ठेवलेली छायाचित्रे, घराच्या कर्जाची कागदपत्रे, भावाच्या लग्नाची चित्रफीत, हे सारे जुन्या लॅपटॉपवर आहे. ते एका बाह्य डिस्कवर घेऊन, ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवायची. जोडलेली डिस्क हा बॅकअप नव्हे. बिघडलेला कर्नल तिच्यावरही लिहू शकतो. दुसरे काम म्हणजे सध्याचा, विश्वासाचा कर्नल पुसायचा नाही. संगणक सुरू होताना जी यादी दिसते तिच्यात जुना आणि नवा दोन्ही असले पाहिजेत. नव्याने दगा दिला तर परतीची वाट मोकळी हवी.

११/२४
मग बांधणी. हजारो पर्यायांची जी यादी कर्नलसोबत येते, तिच्यात जुन्या निवडी तशाच ठेवून नव्या प्रश्नांना ठरीव उत्तरे द्यायची. जुन्या लॅपटॉपवर ही बांधणी तासन्‌तास चालेल, म्हणून ती डेस्कटॉपवर करून तयार कर्नल त्या लॅपटॉपवर न्यायचा. संगणक सुरू झाला, पडदा उजळला, म्हणजे परीक्षा संपली असे नवख्याला वाटते. वास्तविक तेथे ती सुरू होते. वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, पेनड्राइव्ह ओळखला जातो का, आणि झाकण मिटून झोपलेले यंत्र झाकण उघडताच जागे होते का. हा शेवटचा प्रश्न लॅपटॉपांच्या बाबतीत जुना आणि खोडकर आहे. कारण झोपेतून उठताना प्रत्येक सुट्या भागाला आपापली स्थिती पुन्हा आठवावी लागते.

१२/२४
डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींपेक्षा महत्त्वाची असते कर्नलची स्वतःची रोजनिशी, म्हणजे लॉग. जुन्या कर्नलच्या लॉगची प्रत आधीच काढून ठेवायची आणि नव्याच्या लॉगशी ओळीने ओळ ताडून पाहायची. पूर्वी नसलेली एखादी सूचना, एखादा भाग सुरू होण्यास लागलेला अधिक वेळ, हे दोषाचे पहिले पाऊल असू शकते. डेस्कटॉपवरील बंदिस्त ड्रायव्हरमुळे कर्नल स्वतःवर 'दूषित' असा शिक्का मारून घेतो. त्या यंत्रावरील तक्रार विकासक सहसा उचलत नाहीत, कारण परक्या कोडची ग्वाही ते देऊ शकत नाहीत. म्हणून तेथे काही बिनसले, तर तो ड्रायव्हर काढून तोच प्रसंग पुन्हा घडवून दाखवावा लागतो.

१३/२४
दोष सापडला, तर तो नेमका कोणत्या बदलाने आला? दहा हजार बदलांतून एक हुडकण्यासाठी दुभागणीची पद्धत आहे. चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती यांच्या मधोमध असलेला कर्नल बांधायचा आणि चालवून पाहायचा. तो चांगला निघाला तर दोष पुढच्या अर्ध्यात, बिघडला तर मागच्या अर्ध्यात. पुन्हा मध्य, पुन्हा बांधणी. दर खेपेस शंका निम्मी होत जाते. त्यामुळे दहा हजार बदलांसाठी चौदा फेऱ्या पुरतात. कागदावर हे सुंदर आहे. प्रत्यक्षात चौदा बांधण्या, चौदा रीस्टार्ट आणि प्रत्येक वेळी तीच तपासणी. एक रविवार सहज जातो. दोष कधीमधीच उगवणारा असेल, तर महिनाही.

१४/२४
या कामात धोका खरा आहे. सप्टेंबर २००८ मध्ये २.६.२७ च्या चाचणी-आवृत्त्या चालवणाऱ्या काहींची इंटेलची नेटवर्क कार्डे निकामी झाली. कार्डातील जी कायम स्मृती त्याची ओळख जपते, तीच खराब होत होती. संगणक बंद करून पुन्हा लावल्याने ती परत येत नव्हती. संशय साहजिकच त्या कार्डाच्या ड्रायव्हरवर गेला. प्रत्यक्षात दोष होता कर्नलच्या आतील हालचाली नोंदवणाऱ्या एका अगदी वेगळ्या सुविधेत. जी जागा आपली समजून ती लिहीत होती, ती जागा तोवर त्या कार्डाला देण्यात आली होती. ऑक्टोबरमध्ये २.६.२७.१ या आवृत्तीत ती सुविधा बंद करण्यात आली. स्वतःची कार्डे गमावलेल्या परीक्षकांच्या तक्रारींमुळे इतरांची वाचली.

१५/२४
आता २०२१ च्या त्या पत्राकडे वळता येईल. संगणकाची स्मृती अपुरी पडली की कर्नल तिच्यातला मजकूर तात्पुरता डिस्कवर ठेवतो; त्याला स्वॅप म्हणतात. ही जागा दोन प्रकारांनी देता येते. डिस्कचा एक स्वतंत्र कप्पा राखून ठेवायचा, किंवा नेहमीच्या कप्प्यात एक मोठी फाइल करायची. ५.१२ मध्ये या कामाचा कोड सुटसुटीत करताना एक बेरीज गळाली. फाइल डिस्कवर कुठे सुरू होते, हे जमेस धरायचे राहिले. स्वतंत्र कप्पा शून्यापासूनच सुरू होतो, म्हणून तेथे काही बिघडले नाही. फाइल वापरणाऱ्या यंत्रांवर मात्र कर्नल तो मजकूर भलत्याच जागी, इतर फायलींच्या आणि मांडणीच्या अंगावर लिहू लागला.

१६/२४
एवढा ढळढळीत दोष सुटला कसा? आजच्या बहुतेक परीक्षण-यंत्रांत स्मृती भरपूर असते, त्यामुळे स्वॅपची वेळच येत नाही. आली तरी पुष्कळ ठिकाणी स्वतंत्र कप्पा असतो. स्वॅपची फाइल असलेले आणि स्मृती तोकडी पडण्याइतके ताणलेले यंत्र चाचणीच्या रांगेत विरळ होते. इंटेलच्या ग्राफिक्स विभागाच्या चाचणी-यंत्रांवर ही दोन्ही लक्षणे जुळून आली आणि बिंग फुटले. दुसरी आवृत्ती रविवारची वाट न पाहता ५ मार्चच्या शुक्रवारीच काढण्यात आली. 'डोन्टयूज' ही शेपटी मात्र कायम राहिली. पुढे कधी दुभागणी करताना एखादा परीक्षक नकळत त्या आवृत्तीवर उतरू नये, म्हणून.

१७/२४
पुनावळ्यातील त्या घरात स्वॅपची फाइल असलेले यंत्र एकच: जुना लॅपटॉप. स्मृती थोडी, म्हणून ब्राउझरची दहा पाने उघडताच त्याची डिस्क कुरकुरू लागते. नव्या लॅपटॉपवर हा दोष वर्षभरातही दिसला नसता. येथे परीक्षेचा खरा पेच समोर येतो. जे यंत्र केवळ चाचणीसाठी कोरे ठेवलेले असते, त्याच्यावर गमावण्यासारखे काही नसते; पण त्याच्यावर आयुष्यही घडत नसते. स्मृती ताणणारी माणसे, अर्धवट उपसलेले पेनड्राइव्ह, भरत आलेली डिस्क, हे सारे रोजच्या वापरातल्या यंत्रावरच असते. खरी परीक्षा तेच घेते, आणि गमावणे परवडत नाही ते नेमके तेच.

१८/२४
या पेचाला घरगुती रूपही असते. माळा आवरताना आई म्हणते, "अगं, हा डबडा लॅपटॉप भंगारवाल्याला देऊन टाक की. नवा आहे ना तुझ्याकडे?" लेक उत्तरते, "आई, नव्यावर काही बिघडतच नाही गं. बिघडायला हाच लागतो." आईला ते पटत नाही, तरी तिने त्याच लॅपटॉपवरील छायाचित्रांची विचारपूस केल्यावाचून राहवत नाही. "फोटो तरी नीट आहेत ना?" या प्रश्नात कर्नल-परीक्षेचे सारे शास्त्र सामावलेले आहे. कर्नल चालतो की नाही, ही चौकशी दुय्यम. ठेवलेले होते तसे सापडते का, हा मूळ प्रश्न.

१९/२४
वीजसुद्धा परीक्षक असते. पुणे परिसरात देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार म्हणजे गुरुवार, हे येथील रहिवाशांच्या अंगवळणी पडलेले आहे. लॅपटॉपची थकलेली बॅटरी अशा वेळी मिनिटभरही तग धरत नाही आणि यंत्र लिहिता लिहिता बंद पडते. वीज परत आल्यावर फाइलव्यवस्था आपली अपुरी कामे नोंदवहीवरून पुरी करते का, हे तेव्हा कळते. सदैव अखंड वीज असलेल्या सर्व्हर-दालनात हा प्रसंग मुद्दाम घडवून आणावा लागतो. पुनावळ्यात तो आपोआप घडतो. गैरसोयीलाही असे एक मोल असते, अर्थात तिची नोंद ठेवणारा कुणी असेल तर.

२०/२४
मग यंत्रमानवांचे काय? गेल्या दोन दशकांत कर्नलची स्वयंचलित चाचणी फार पुढे गेली आहे. २००० मध्ये एसजीआय कंपनीने सुरू केलेला लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट, इंटेलचा झिरो-डे रोबो, कर्नलसीआय, गूगलचा सिझबॉट: हे अहोरात्र कर्नल बांधतात, चालवतात, त्याला वेडेवाकडे प्रश्न विचारतात. त्यांनी पकडलेले दोष घरगुती परीक्षकांना जन्मभरात सापडले नसते. तरीही रोबोला जे तपासायला सांगितले आहे तेच तो तपासतो. आवाज किंचित चरचरतो, पडदा क्षणभर लुकलुकतो, झाकण उघडल्यावर टचपॅड उगाच दोन सेकंद रुसते, हे त्याच्या यादीत बहुधा नसते. माणसाच्या बोटांना ते लगेच कळते.

२१/२४
आणि रोबोने दोष दाखवला तरी तो वाचणारे माणूस लागते. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस ६.१.६४ ही स्थिर आवृत्ती आली. एक्स्ट४ या फाइलव्यवस्थेतील एक दुरुस्ती तिच्यात मागे आणली होती; पण ती ज्या दुसऱ्या बदलावर विसंबून होती तो मागे आणायचा राहिला. विशिष्ट तऱ्हेने लिहिताना फाइलमधील जागेचा हिशेब चुकू लागला. लिनारो संस्थेच्या स्वयंचलित चाचण्यांत एक छोटी चाचणी नापास होत होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यान कारा यांनी तिचा छडा लावला आणि ही मजकूर बिघडवणारी चूक असल्याचे सांगितले. डेबियनने आपले १२.३ चे वितरण थांबवले आणि १० डिसेंबरला दुरुस्त १२.४ प्रसिद्ध केले.

२२/२४
कर्नलच्या इतिहासात परीक्षकाचे नाव एका ओळीत राहते. बदलाच्या नोंदीखाली 'टेस्टेड-बाय' असे लिहून नाव जोडले जाते. कर्नलच्या नियमपुस्तकात या ओळीचा अर्थ मोठ्या संयमाने सांगितला आहे: या व्यक्तीने हा बदल कोणत्या तरी एका परिस्थितीत यशस्वीपणे तपासला आहे. त्याहून अधिक दावा नाही. सर्व यंत्रांवर चालेल, असे आश्वासन कुणी देऊच शकत नाही. म्हणून चांगला परीक्षक केवळ 'ठीक चालले' असे लिहीत नाही. यंत्र कोणते, प्रोसेसर कोणता, स्मृती किती, स्वॅप कोणत्या प्रकारचा, किती वेळा झोपवून उठवले, हे तो लिहितो. त्याचा एक छोटा अहवाल तितक्याच छोट्या जागेवर उजेड पाडतो, पण तो उजेड पक्का असतो.

२३/२४
ज्या जागेवर कुणीच उजेड पाडत नाही, ती हळूहळू नकाशातून जाते. ज्या ३८६ साठी लिनक्सचा जन्म झाला, त्याचा आधार डिसेंबर २०१२ मध्ये काढून टाकण्याचे ठरले आणि ३.८ पासून तो गेला. टोरवाल्ड्स यांनीही त्यावर हळहळ व्यक्त केली नाही. एकेकाळी भविष्य म्हणून गाजवलेला इटॅनियम प्रोसेसर जानेवारी २०२४ च्या ६.७ मध्ये वगळला गेला. तो सांभाळणारे आणि त्याच्यावर कर्नल चालवून पाहणारे हात उरले नव्हते. जुन्या यंत्रांना कुणी दुष्टाव्याने बाहेर काढत नाही. त्यांच्या बाजूने साक्ष देणारे कमी होतात आणि कोड कुजत जातो. महाराष्ट्रातील कित्येक शाळांत, लहान कार्यालयांत आणि घरांत जुनेच संगणक चालतात. पण त्यांच्या वतीने साक्ष द्यायला तसे यंत्र हाताशी असलेला कुणी तरी लागतो.

२४/२४
म्हणून अनेक संगणकांवर कर्नल तपासण्याचा अर्थ संख्येत नाही. एकाच नमुन्याच्या हजार यंत्रांवर मिळालेले हजार होकार मिळून एकच होकार होतो. निराळी डिस्क, निराळा प्रोसेसर, निराळी सवय आणि निराळी वीज असलेले चौथे यंत्र जो होकार वा नकार देते, तो नवा असतो. रविवारी रात्री पुनावळ्यातून जाणारा अहवाल बहुतेक वेळा दहा ओळींचा असतो: चार यंत्रे, त्यांची वर्णने, तिघांवर काही वेगळे आढळले नाही, जुन्या लॅपटॉपच्या लॉगमध्ये एक नवी सूचना, ती सोबत जोडली आहे. दुसऱ्या दिवशी कामाला जायचे असते. जुना लॅपटॉप रात्रभर नव्या कर्नलवर चालू राहतो, आणि त्याच्या डिस्कवरील फायलींची कपाटातल्या प्रतीशी सकाळी एकदा ताडणी व्हायची असते.